क्रियाविशेषण ‘दॅट’च्या कुठल्या बाजूला?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं. म्हणून आज विषयही वर्गातलाच घेतला आहे. इंग्रजीत ‘दॅट’ने सुरू होणारं उपवाक्य आणि त्याच्या आसपास वावरणारी क्रियाविशेषणं यांचं एकमेकांशी कसं जमतं, एवढाच हा विषय. ऐकायला तो फार लहान वाटतो. पण माणसाचं बोलणं दुसऱ्या माणसापर्यंत पोचवायचं असेल, तर इंग्रजीत ते याच जागी नीट पोचतं किंवा इथेच बिघडतं.

दोन वाक्यं सांगतो. पहिलं: ‘द विटनेस सेड क्लिअरली दॅट शी हॅड सीन द मॅन.’ दुसरं: ‘द विटनेस सेड दॅट शी हॅड क्लिअरली सीन द मॅन.’ शब्द तेच आहेत. ‘क्लिअरली’ तेवढं ‘दॅट’चा उंबरठा ओलांडून आत गेलं आहे. पहिल्या वाक्यात साक्षीदार बाई स्पष्ट बोलली. तिला तो माणूस कितपत नीट दिसला, याबद्दल वाक्य काहीच म्हणत नाही. दुसऱ्यात तिला माणूस स्पष्ट दिसला. ती बोलताना चाचरली की नाही, ते वाक्यात नाही. आपल्याकडे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की तिथली भाषा इंग्रजी. कागद या भाषेतून त्या भाषेत जातात. ‘तिने स्पष्ट सांगितलं की तिने त्याला पाहिलं’ आणि ‘तिने सांगितलं की तिने त्याला स्पष्ट पाहिलं’ यांतला फरक आपल्याला मराठीत कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र भाषांतर करणारा थकलेला असला, तर ‘क्लिअरली’ जिथे पेनातून उतरेल तिथे उतरतं. संपूर्ण उलटतपासणी त्या एका शब्दावर उभी असू शकते.

आता पहिल्या वाक्यातून ‘दॅट’ काढून टाका. ‘द विटनेस सेड क्लिअरली शी हॅड सीन द मॅन.’ इथे ‘क्लिअरली’ दोन्हीकडे तोंड करून उभं आहे. बोलणं स्पष्ट की पाहणं स्पष्ट, हे वाक्य सांगू शकत नाही. बोलताना आवाजाच्या चढउताराने निभावून जाईल. कागदावर निभावणार नाही.

व्याकरणाच्या पुस्तकांनी आपल्याला हे का सांगितलं नाही? महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्याबरोबर नेसफील्डचं व्याकरण होतं, आणि १९३०च्या दशकापासून रेन आणि मार्टिन आले. यातला पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला माणूस. पुढे १९२४ साली ‘ब्यू जेस्ट’ ही कादंबरी लिहून तो जगभर गाजला. या पुस्तकांचे उपकार मी मानतो. ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचं एक अक्षर नव्हतं, त्याला या पुस्तकांनी हाताला धरून नेलं. पण त्यांत ‘ॲडव्हर्ब’चा धडा एकीकडे असतो आणि ‘नाउन क्लॉज’चा धडा कितीतरी पानं पलीकडे. पहिल्या धड्यात क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी की नंतर, एवढंच पाहायचं. दुसऱ्यात उपवाक्य कर्ता आहे की कर्म, एवढंच ओळखायचं. दोघं एकत्र आल्यावर काय होतं त्याचा धडाच नाही. आणि रोजच्या इंग्रजीत तर ती सदैव एकत्रच येतात.

आपल्याकडच्या मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या परंपरेत ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात: पुढे जे येतं ते मागच्या गोष्टीचं स्वरूप. इंग्रजी ‘दॅट’चंही काम हेच आहे. त्याचा जन्म दर्शक सर्वनामातून झाला, असं परंपरेने मानलं जातं. ‘मला ते ठाऊक आहे: तो येतो आहे’ अशी दोन सुटी वाक्यं, मग ‘ते’ हळूहळू पुढच्या वाक्याला जाऊन चिकटलं. त्यामुळे ‘दॅट’ दोन माणसांच्या हद्दी वेगळ्या करतं. अलीकडे सांगणारा, पलीकडे सांगितलेलं.

ही हद्द बोलताना लोक पुसून टाकतात, आणि त्यात वावगं काही नाही. डग्लस बायबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेलं लाँगमनचं मोठं व्याकरण खऱ्याखुऱ्या संभाषणांच्या आणि मजकुराच्या साठ्यावर उभं आहे. त्यात दिसतं की गप्पांमध्ये ‘दॅट’ गाळणं हीच रीत आहे आणि विद्वत्तापूर्ण लेखनात ते ठेवणं ही रीत. ‘आय थिंक ही इज राइट’ म्हणणाऱ्याला ‘दॅट’ हवंच असा आग्रह धरणं चूक. पण क्रियापद आणि उपवाक्य यांच्यामध्ये काही शिरलं की ‘दॅट’ टिकण्याकडे भाषेचा कल होतो, हेही त्याच साठ्यांतून दिसतं. लोक नियम पाठ करून असं करत नाहीत. ऐकणारा अडखळेल हे त्यांना आतून कळतं.

वर्तमानपत्रांना मात्र हे लिहून ठेवावं लागलं. अमेरिकन बातमीत वार शब्दयोगी अव्ययाशिवाय येतो: ‘द मिनिस्टर सेड मंडे द ब्रिज वुड बी क्लोज्ड.’ मंत्री सोमवारी बोलले की पूल सोमवारी बंद राहणार? वाचणाऱ्याला सोमवारी पुलावरून जायचं असेल तर हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेत म्हणून सरळ सांगितलं आहे, की क्रियापद आणि उपवाक्य यांच्यामध्ये वेळ दाखवणारा शब्द आला तर ‘दॅट’ सहसा ठेवावं. ‘सेड मंडे दॅट’ म्हटलं की सोमवार मंत्र्यांचा. ‘सेड दॅट ऑन मंडे’ म्हटलं की सोमवार पुलाचा.

आतापर्यंतची क्रियाविशेषणं कृतीची होती: कसं केलं, केव्हा केलं. काही क्रियाविशेषणं बोलणाऱ्याचं मन दाखवतात, आणि तिथे मालकीचा प्रश्न जास्त नाजूक होतो. ‘द डॉक्टर सेड दॅट फॉर्च्युनेटली द फ्रॅक्चर वॉज स्मॉल.’ हे ‘सुदैवाने’ डॉक्टरांचं आहे. ‘फॉर्च्युनेटली, द डॉक्टर सेड दॅट द फ्रॅक्चर वॉज स्मॉल.’ इथे सुटकेचा निःश्वास नातेवाइकाचा आहे. डॉक्टर कदाचित कोरडेपणाने एक्स-रे पाहून बोलले असतील. मंत्र्यांचं विधान देताना बातमीदाराने ‘दुर्दैवाने’ हा शब्द ‘दॅट’च्या बाहेर ठेवला तर ती त्याची स्वतःची प्रतिक्रिया झाली आणि आत ठेवला तर ती मंत्र्यांच्या नावावर जमा झाली. मंत्री तसं म्हणालेच नसतील, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की पत्रकारितेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात यावर एक पूर्ण तास घ्यावा.

मनोवृत्ती दाखवणाऱ्या या शब्दांचा सगळ्यांत बारकाईने अभ्यास सिडनी ग्रीनबॉम यांनी केला. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ साली ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश यूसेज’ हा प्रकल्प सुरू केला. बोललेलं आणि लिहिलेलं इंग्रजी जसं आहे तसं गोळा करायचं आणि मग व्याकरण लिहायचं, अशी त्यामागची भूमिका होती. ग्रीनबॉम त्याच वातावरणात वाढले, पुढे त्या प्रकल्पाचे संचालकही झाले. क्रियाविशेषणांच्या वापरावरचं त्यांचं पुस्तक १९६९ सालचं, आणि १९८५ साली निघालेल्या मोठ्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर’च्या चार लेखकांपैकी ते एक. क्रियाविशेषणाचं वाक्य ‘दॅट’च्या वाक्यात फिरवून पाहायचं, ही त्यांच्या कामातली एक चाचणी कुणालाही घरी करता येईल.

‘प्रॉबेबली ही हॅज लेफ्ट’ फिरवा: ‘इट इज प्रॉबेबल दॅट ही हॅज लेफ्ट.’ जमलं. शब्द संपूर्ण घटनेबद्दल बोलतो आहे. ‘फ्रँकली, आय ॲम टायर्ड’ फिरवून पाहा. ‘इट इज फ्रँक दॅट’ असं इंग्रजीत होत नाही. होतं ते ‘आय टेल यू फ्रँकली दॅट आय ॲम टायर्ड’. म्हणजे ‘फ्रँकली’ दमण्याबद्दल बोलत नाही, सांगण्याबद्दल बोलतं. जे सांगणारं क्रियापद वाक्यात उच्चारलेलंच नाही, त्याला ते चिकटलेलं आहे. ‘वाइजली, ही लेफ्ट’ तिसऱ्याच वाटेने जातं, कारण तिथे शहाणपण त्या माणसाचं आहे. दिसायला तिघं सारखी, वाक्याच्या तोंडाशी स्वल्पविराम घेऊन बसलेली. ‘दॅट’ आणलं की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा कळतो.

‘होपफुली’वरून इंग्रजी जगात जे वादळ झालं त्याचं मूळ इथेच सापडतं. ‘होपफुली, इट विल रेन’ ही रचना १९६०च्या दशकात जोरात पसरली आणि शैलीच्या जाणकारांनी तिच्यावर तुटून पडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की हे फिरवता येत नाही. ‘इट इज होपफुल दॅट’ म्हणता येत नाही, म्हणजे आशा पावसाला आहे की काय? पण ‘फ्रँकली’ही त्या साच्यात बसत नव्हतं आणि त्यावर कुणी रागावलं नव्हतं. ‘होपफुली’चा अर्थ ‘इट इज टु बी होप्ड दॅट’ असा सगळ्यांना लख्ख कळत होता. लोक वापरत राहिले, आणि २०१२ साली असोसिएटेड प्रेसनेही तो वापर मान्य केला. मला हा निर्णय योग्य वाटतो. अर्थाचा गोंधळ झालेला एकही श्रोता दाखवता येत नसेल, तर शब्दाला अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

यात आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आहे. बहुतेक इंग्रजी क्रियाविशेषणं ‘दॅट’चं उपवाक्य स्वतःच्या अंगावर घेऊ शकत नाहीत. त्यांना विशेषण मध्ये घालावं लागतं. ‘ऑब्व्हियसली दॅट’ नाही. ‘इट इज ऑब्व्हियस दॅट’, नाहीतर मग ‘ऑब्व्हियसली’ आणि पुढे सरळ वाक्य. फ्रेंचमध्ये ‘सुदैवाने’ या अर्थाच्या शब्दाला थेट ‘की’ जोडून पुढे जाता येतं, तशी मोकळीक इंग्रजीत नाही.

मग ‘नाउ दॅट’ कसं चालतं? ‘सो दॅट’ कसं?

त्याला इतिहास आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘दॅट’ जवळपास प्रत्येक जोडशब्दाला चिकटत असे: ‘व्हेन दॅट’, ‘इफ दॅट’, ‘आफ्टर दॅट’, ‘बिकॉज दॅट’. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चा आरंभही अशाच जोडीने होतो. पुढच्या शतकांत ही जोड्यांची गर्दी ओसरली आणि बहुतेक शब्द ‘दॅट’शिवाय चालू लागले. मागे उरलेल्या मोजक्या जोड्यांत या दोन आहेत, आणि दोन्ही आज रोज तोंडात असतात.

‘नाउ दॅट’ मला फार आवडतं. ‘नाउ दॅट द रेन हॅज स्टॉप्ड, वुई कॅन गो.’ इथे वेळ आहे आणि कारणही आहे. शिवाय तिसरी एक गोष्ट गुपचूप आत आहे: आधी तसं नव्हतं. जी गोष्ट कायमचीच खरी आहे तिच्यापुढे ‘नाउ दॅट’ लावता येत नाही. ‘बिकॉज ही वॉज बॉर्न इन सातारा’ म्हणता येतं, ‘नाउ दॅट ही वॉज बॉर्न इन सातारा’ हे कानाला खटकतं, कारण साताऱ्यात जन्म होणं ही काही नुकतीच बदललेली परिस्थिती नव्हे. मराठीत आपण ‘आता पाऊस थांबलाच आहे तर’ म्हणतो, त्यातल्या ‘आता’ आणि ‘तर’च्या मध्ये हेच सगळं मावतं. ज्या मुलाला ‘नाउ दॅट म्हणजे सिन्स’ एवढंच सांगितलं, त्याच्या हाती अर्ध्याहून कमी आलं. घरगुती बोलण्यात तर ‘दॅट’ गळून नुसतं ‘नाउ यू मेन्शन इट’ असंही उरतं.

‘सो दॅट’मध्ये हेतू आणि परिणाम शेजारी राहतात. ‘शी स्पोक लाउडली सो दॅट एव्हरीवन कुड हिअर’: ऐकू यावं म्हणून ती मोठ्याने बोलली. ‘शी स्पोक लाउडली, सो दॅट एव्हरीवन हर्ड’: ती मोठ्याने बोलली, परिणामी सगळ्यांना ऐकू गेलं. पहिल्यात खरोखर ऐकू गेलं की नाही हे ठाऊक नाही. आणि ‘सो’ व ‘दॅट’ यांच्यामध्ये क्रियाविशेषण शिरलं, ‘सो लाउडली दॅट’ झालं, की मोजमाप आलं: इतक्या मोठ्याने, की.

ब्रिटनमध्ये आणखी एक वापर जिवंत आहे. ‘इमिजिएटली आय सॉ हिम, आय न्यू’, म्हणजे त्याला पाहताक्षणीच कळलं. ‘डायरेक्टली’ही एकोणिसाव्या शतकापासून असंच वापरलं जातं. क्रियाविशेषणाने स्वतःच पुढचं वाक्य उचलून धरलेलं आहे. अमेरिकन कानांना हे चुकीचं वाटतं. आपल्या परीक्षकांनाही वाटतं आणि ते लाल रेघ ओढतात; निदान ही रेघ ओढू नये.

आता बोलीतल्या वापराकडे येतो, कारण परकी भाषा खरी आपली होते की नाही हे तिथे कळतं. मैत्रिणीने बोलावलं आहे, जाता येत नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘यायचं नाही असं नाही गं, पण आई घरी एकटी आहे.’ इंग्रजीत हेच मऊपण ‘दॅट’च्या दोन उपवाक्यांवर तोललं जातं: ‘इट्स नॉट दॅट आय डोन्ट वॉन्ट टु कम. इट्स जस्ट दॅट मदर इज अलोन ॲट होम.’ पहिलं ‘नॉट दॅट’ ऐकणाऱ्याच्या मनात आलेली शंका आधीच दूर करतं. ‘जस्ट दॅट’ कारणाचं वजन कमी करून ते समोर ठेवतं. आपली मुलं त्याऐवजी ‘आय कॅनॉट कम बिकॉज मदर इज अलोन’ म्हणतात. व्याकरण निर्दोष आहे, पण नकार धाडकन येऊन आदळतो. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींना लोक रुक्ष समजतात त्याचं एक कारण मला हे दिसतं. ती घरात किती हळुवार बोलतात हे त्या लोकांना कधी ऐकायला मिळत नाही. पुढे ‘इट्स’सुद्धा गळतं आणि नुसतं ‘नॉट दॅट आय माइंड’ उरतं, मुख्य क्रियापदाचा पत्ता नाही, तरी अर्थ पूर्ण. पृथक्करण करायला सांगितलं तर विद्यार्थी गोंधळेल. त्याला पृथक्करण सांगू नये, हे वाक्य चारदा ऐकवावं.

शेवटचा मुद्दा वेळेच्या शब्दांचा, आणि यात मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या शाळांत याचं फार नुकसान झालं आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘तो सोमवारी म्हणाला की मी उद्या येईन.’ हा ‘उद्या’ त्याचा आहे. ‘मी’सुद्धा त्याचा. ‘की’च्या पलीकडे त्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवलेलं आहे, म्हणून तो मंगळवारी येणार. इंग्रजीत ‘दॅट’च्या पलीकडे असं चालत नाही. ‘ऑन मंडे ही सेड दॅट ही वुड कम टुमारो’ हे मी बुधवारी बोललो, तर ‘टुमारो’ गुरुवार होतो. तो सोमवारी म्हणाला, पण उद्या मोजायचा तो माझ्या आजपासून. गंमत अशी की मघाचं ‘फॉर्च्युनेटली’ आत गेलं तेव्हा ते डॉक्टरांचं राहिलं, आणि ‘टुमारो’ आत गेलं तरी सांगणाऱ्याचंच राहतं. एकाच उपवाक्यात भावना पलीकडच्या माणसाची आणि दिवस अलीकडच्या माणसाचा, अशी विभागणी इंग्रजीने केली आहे. ‘ही टोल्ड दॅट आय विल कम टुमारो’ हे आपल्याकडचं वाक्य ऐकून इंग्रज बुचकळ्यात पडतो, कारण त्याला वाटतं की येणारा मी आहे आणि दिवस उद्याचा आहे. आपण मात्र मराठी ‘की’ मनात ठेवून बोललेलो असतो. ‘टोल्ड’ला माणूस लागतो, कुणाला सांगितलं ते, ही चूक त्यामानाने किरकोळ आहे, तिच्यामुळे कुणाची भेट चुकत नाही.

यावर शाळेने तोडगा काढला तो कोष्टकाचा. डायरेक्टचं इनडायरेक्ट करा: ‘नाउ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. पाठ केलं, बदललं, गुण मिळाले. पण मित्र आज सकाळी म्हणाला, ‘आय विल कम टुमारो’, आणि मी आज संध्याकाळी तुम्हाला ते सांगतो आहे, तर इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वुड कम टुमारो’ हेच बरोबर आहे. तिथे ‘द नेक्स्ट डे’ म्हणणं विचित्र होईल. याच वर्गात बसून तो मला म्हणाला असेल आणि मी याच वर्गात सांगत असेन, तर ‘हिअर’चं ‘देअर’ करणं ही शुद्ध चूक आहे. कोष्टक बरोबर ठरतं ते दिवस आणि जागा बदललेली असेल तेव्हाच. प्रश्नपत्रिकेत मात्र वाक्य अधांतरी असतं. कोण, कुठे, कधी बोललं हे त्यात नसतं. विचार करणारा मुलगा ‘टुमारो’ तसंच ठेवतो, त्याचा एक गुण जातो, आणि इंग्रजी ही अर्थाशी संबंध नसलेली काहीतरी देवाणघेवाण आहे असं तो कायमचं धरून चालतो.

प्रश्नपत्रिका काढणारे अनेक शिक्षक आज या सभागृहात आहेत, म्हणून त्यांच्याकडे एक मागणं मागतो. वाक्याशेजारी कंसात दोन वार छापा: तो बोलला तो वार आणि आपण सांगतो आहोत तो वार. बोलला सोमवारी, सांगतो सोमवारीच. बोलला सोमवारी, सांगतो गुरुवारी. एकाच वाक्याची दोन उत्तरं मुलांना लिहू द्या, आणि दोन्हींना पूर्ण गुण द्या.